पहिला चौकोन दाखवा



आज मी पिशवीतून दोन वस्तू आणल्या आहेत. एक ही गोधडी. आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात. नाव कोणतेही घ्या, वस्तू एकच. दुसरी वस्तू म्हणजे हा कापडाचा चौकोन. वीतभर लांब आणि वीतभर रुंद. हातात घ्या, पाहा आणि शेजारणीकडे द्या. नीट पाहिलात तर कळेल, की हा चौकोन वाकडा आहे. याची एक बाजू आखूड आहे. टाके कुठे मोठे आहेत, कुठे बारीक आहेत.

हा वाकडा चौकोन मीच शिवलेला आहे. पूर्वी मला याची लाज वाटत होती. मी तो कुणाला दाखवला नसता. आज मी तो तुमच्या हाती दिला आहे. असे का केले, तेच सांगते.

माझ्या लग्नात आईने मला एक वाकळ दिली होती. वर आईच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे होते. आत आजीचे लुगडे होते. खाली वडिलांचे धोतर होते. धुऊन धुऊन ती लोण्यासारखी मऊ झाली होती. माझी दोन्ही मुले तिच्यावरच वाढली.

पुढे संसार जरा बरा चालू लागला. घरात बाजारातली रंगीत, गुळगुळीत ब्लँकेटे आली. मग मला वाटू लागले, ही ठिगळांची वाकळ पाहुण्यांपुढे कशी काढायची? एक दिवस दारावर बोहारीण आली. जुने कपडे घ्यायचे आणि भांडे द्यायचे, हा तिचा धंदा. मी दोन जुन्या साड्या दिल्या. ती म्हणाली, "मोठं भांडं पायजे तर आणखी कायतरी टाक, बाई." मी आत गेले. वाकळ उचलली आणि तिच्यापुढे टाकली. बदल्यात स्टीलचे पातेले घेतले. सौदा चांगला झाला, असे मला वाटले.

पावसाळ्यात आई चार दिवस राहायला आली. रात्री मी अंथरूण घालत होते. तिने विचारले, "माझी वाकळ कुठं हाय गं?"

मी खरे ते सांगितले. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तिच्यात तुझ्या आजीचं लुगडं हुतं. म्हातारीचं तेवढंच राहिलं हुतं."

ते पातेले अजून माझ्या घरात आहे. चांगले आहे, कुठे चेपलेलेसुद्धा नाही. त्यात भाजी शिजायला टाकते, तेव्हा आईचे ते बोलणे मला ऐकू येते.

मी मनाशी ठरवलं, आपण स्वतः एक वाकळ शिवायची. पण मला येत कुठं होतं? आई ओसरीवर शिवत बसायची, तेव्हा मी तिच्याजवळ कधी बसले नव्हते. आता कुणाला विचारायचीही लाज वाटली. एवढी मोठी बाई, दोन लेकरांची आई, आणि हिला धड टाका घालता येत नाही, असं लोक म्हणतील. म्हणून मी दार लावून रात्री शिवू लागले. पौषात सुरुवात केली. चैत्र सरला तेव्हा चोपन्न चौकोन तयार झाले. चार महिने गेले होते.

एका दुपारी मी ते सगळे अंगणात मांडले. आता ओळी जोडायच्या. पाहते तर एक ओळ लांब, दुसरी आखूड. एकीकडून ओढावे तर दुसरीकडे फुगे येत. कोपऱ्याला कोपरा लागेना. मला रडू आले.

तेवढ्यात शेजारच्या आत्याबाई विरजण मागायला आल्या. आत्याबाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी एक चौकोन उचलला. आधी उलटी बाजू पाहिली, मग सुलटी. क्षणभरही लागला नाही. म्हणाल्या, "बाई, तुझी माया सारखी न्हाई."

मला वाटले, या माझ्या स्वभावाबद्दल बोलताहेत. पण त्या शिलाईच्या मायेबद्दल बोलत होत्या. शिवणीच्या बाहेर जे जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. शिंपी सांगतो ना, "आत माया ठेवली आहे, पुढे उसवून मोठं करता येईल"? तीच ही माया. माझी माया कुठे पाव इंच होती, कुठे अर्धा इंच.

आत्याबाईंनी विचारलं, "किती दिस लागले गं?"

"चार महिने."

"आन पैला चौकोन कुणाला दावला हुतास?"

"कुणालाच नाही."

"मग चार महिनं एकच चूक शिवलीस की!"

बायांनो, माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्यात आहे. चूक सगळ्यांच्याच हातून होते. पण पहिला चौकोन मी दाखवला असता, तर चूक एकाच चौकोनात राहिली असती. लपवला म्हणून ती चोपन्न चौकोनांत गेली.

ही चूक केवढी होती, त्याचा हिशेब करू. हिशेब सोपा आहे. माझ्या चौकोनात नऊ तुकडे आहेत. तीन ओळी आणि ओळीत तीन तुकडे. पाच गडद रंगाचे आणि चार फिके. प्रत्येक तुकडा शिवून झाल्यावर तीन इंच राहतो. म्हणजे चौकोन नऊ इंचांचा झाला. असे सहा चौकोन आडवे आणि नऊ चौकोन उभे जोडले, की साडेचार फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब वाकळ होते. एका माणसाला ती ऐसपैस पुरते.

आता सुताराचे सूत तुम्हांला ठाऊक आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. समजा, प्रत्येक तुकडा एकच सूत कमी भरला. डोळ्यांना ते दिसणारसुद्धा नाही. पण एका चौकोनात तीन सूत कमी झाले. सहा चौकोनांच्या ओळीत अठरा सूत कमी झाले. अठरा सूत म्हणजे सव्वादोन इंच. एक ओळ सव्वादोन इंच आखूड आणि तिच्या शेजारची बरोबर, मग ती वाकळ जुळणार कशी?

आत्याबाईंनी मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. त्यांनी शिकवलं तसंच तुम्हांला सांगते. घाई करू नका.

आधी कापड पारखा. जुने सुती कापड सर्वांत चांगले. ते मऊ असते आणि धुऊन आटून गेलेले असते. कापड उजेडासमोर धरा. दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहा. विरलेले असेल तर ते वर लावू नका, आतल्या थरात घाला. धड कापड वर लावा. नवे कापड घेतले तर आधी धुऊन वाळवा, नाहीतर ते पुढे आटते आणि शिवण ओढली जाते. लाल आणि गडद निळ्या कापडाचा रंग जातो का, तेही पाहा. ओल्या पांढऱ्या चिंधीने चोळले की कळते. सुती आणि टेरिकॉटचे तुकडे एका चौकोनात मिसळू नका. एक आटते, दुसरे आटत नाही.

मग तुकडे कापा. जाड पुठ्ठ्याचा तीन इंचांचा चौरस करून घ्या. तो कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवा. साबणाच्या पातळ चिपेने किंवा पेन्सिलीने भोवती रेघ मारा. ही रेघ शिवण्याची. तिच्या बाहेर चारी बाजूंनी पाव इंच माया सोडून कापा. म्हणजे कापलेला तुकडा साडेतीन इंचांचा असतो. पुठ्ठा कापडाच्या उभ्या धाग्याला धरून सरळ ठेवा. तिरका कापलेला तुकडा रबरासारखा ताणला जातो.

मग शिवा. दोन तुकडे सुलट्या बाजू आत करून एकावर एक ठेवा. रेघेवर रेघ आली पाहिजे. दोन्ही टोकांना टाचणी लावा. दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याने काम लवकर होईल असे वाटते, पण तो गुंततो आणि जास्त वेळ खातो. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढला, की गाठी कमी पडतात. सुरुवातीला एक उलटा टाका घाला. मग धावदोरा घालत रेघेवरून जा. इंचात सात-आठ टाके आले तर शिवण पक्की होते. अधूनमधून एक उलटा टाका घाला. म्हणजे दोरा एका जागी तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही.

तीन तुकड्यांची एक ओळ झाली, की माया नखाने दाबून एका बाजूला बसवा. पहिल्या ओळीची माया उजवीकडे, दुसऱ्या ओळीची डावीकडे, तिसऱ्या ओळीची पुन्हा उजवीकडे. म्हणजे ओळी जोडताना कोपऱ्यात चार पदर एकावर एक चढत नाहीत आणि कोपऱ्याला कोपरा बरोबर भिडतो.

आणि पहिला चौकोन झाला, की हात थांबवा. दुसरा सुरू करू नका. पुठ्ठ्याचा नऊ इंचांचा चौरस करून त्यावर तो ठेवून पाहा. जुळला नाही तर माया मोजा. आणि तो जाणत्या बाईला दाखवा. उलट्या बाजूने दाखवा. खरी शिलाई उलट्या बाजूला कळते.

मी माझे त्रेपन्न चौकोन उसवले. पुन्हा शिवले. एक चौकोन तसाच ठेवला. तोच आता तुमच्या हातातून फिरतो आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात वाकळ पुरी झाली. या वाकळीत मधोमध हिरवट तुकडे दिसतात ना, ती आईची साडी. ती तिने स्वतः आणून दिली. आजीचे लुगडे काही परत आले नाही. गेले ते गेले.

पुढे आमच्या गावात आम्ही पाच जणींनी बैठक सुरू केली. गुरुवारी दुपारी, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत. अक्षरांचा वर्गही तिथंच भरायचा. रीत अशी ठरवली, की चौकोन घरी शिवायचे. सवड मिळेल तेव्हा, कुणी शेळ्यांमागे, कुणी चूल आटोपल्यावर. गुरुवारी सगळ्यांनी आपापले चौकोन सतरंजीवर मांडायचे. एकीचे तीन झालेले असतील, एकीचा अर्धाच. अर्धा तर अर्धा. मांडायचा.

सुरुवातीलाच आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती लपवून चालणार नाही. गावात एक नवी सून आली होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. ती वर्गालाही येऊ लागली आणि बैठकीलाही. तिने पहिला चौकोन मांडला. गडद तुकड्यांच्या जागी फिके आणि फिक्यांच्या जागी गडद लागले होते. एक तुकडा तर उलटाच होता. कुणीतरी म्हणाले, "अगं, हा चौकोन का कावळ्याचं घरटं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. वर्गालाही आली नाही. तीन आठवडे गेले. तिची अक्षरे 'म'पाशी थांबली होती, तिथंच राहिली. तेव्हा आम्हांला कळले, आपण नुसत्या चौकोनाला हसलो नाही. एक बाई मोठ्या धीराने घराबाहेर पडली होती. तिला आपण परत आत ढकलले.

मी आत्याबाईंना सांगितले. त्यांनी पेटी उघडली. तळातून एक जुनी दुपट्याएवढी वाकळ काढली. सोळाव्या वर्षी शिवलेली, त्यांची पहिली. ती घेऊन त्या त्या सुनेच्या घरी गेल्या. तिच्या पुढ्यात पसरली आणि म्हणाल्या, "पोरी, हे बघ. हितं एक तुकडा उलटा हाय. हितं शिवण सुटलीया. माझी सासूबी हसली हुती. आता हस तू." ती पोर हसली. पुढच्या गुरुवारी आली. वर्गालाही आली. आता ती आपली सही करते आणि बैठकीची वहीही तीच लिहिते.

त्या दिवसापासून आम्ही काही नेम घालून घेतले. ते तुम्हीही घ्या.

पहिला नेम. कुणाच्या कामाला हसायचं नाही. आधी काय चांगलं झालं ते सांगायचं, मग काय सुधारायचं ते.

दुसरा नेम. चूक दाखवायची, पण उसवायची नाही. दुसरीचा चौकोन आपण हाती घेऊन नीट करून दिला, तर ती शिकत नाही. तिनेच उसवायचं, तिनेच शिवायचं. आपण शेजारी बसायचं.

तिसरा नेम. सुया मोजायच्या. बसताना किती होत्या आणि उठताना किती आहेत, ते पाहायचं. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. वाकळीवर लहान मूल झोपतं. तिच्यात राहिलेली सुई म्हणजे खेळ नव्हे.

चौथा नेम. वही ठेवायची. नाव, तारीख, किती चौकोन झाले आणि किती तास लागले. सही येणारीने सही करायची. न येणारीने शिकेपर्यंत अंगठा करायचा.

या वहीचा आम्हांला पुढे फार उपयोग झाला. शहरातला एक व्यापारी गावात आला. वाकळी पाहून खूश झाला. म्हणाला, "जुन्याच कापडाच्या आहेत. तुमचा खर्च तो काय? सुई आणि दोरा." त्याने एक किंमत सांगितली. दोघी-तिघी लगेच तयार झाल्या. तेव्हा ती सून वही घेऊन पुढे झाली.

तिने बोटाने आकडे दाखवले. एका चौकोनाला दोन तास. चोपन्न चौकोनांना एकशे आठ तास. ओळी जोडणे, थर मांडणे आणि वरचे सगळे टाके घालणे यांना ब्याण्णव तास. मिळून दोनशे तास. आठ तासांचा एक दिवस धरला, तर पंचवीस दिवस. आणि त्याने सांगितलेली किंमत आमच्या सहा दिवसांच्या खुरपणीच्या मजुरीएवढी होती. म्हणजे एकोणीस दिवस आम्ही फुकट राबायचे.

त्या दिवशी सौदा झाला नाही. व्यापारी निघून गेला. एकीला पैशांची नड होती, ती खूप हळहळली. ते खोटे नाही. आम्ही वर्गणी काढून तिची नड भागवली. पण त्या दिवसापासून कुणी आमच्याकडे वाकळ मागितली, तर आम्ही आधी वही उघडतो. आमचा वेळ फुकट नाही, हे आम्हांला त्या वहीने शिकवलं.

तुम्हांला वाटेल, हे सगळे आपल्याच गावापुरते आहे. तसे नाही. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज फार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले. तिथल्या बायाही जुन्या कापडाची गोधडी शिवतात. ते तिला 'कवंदी' म्हणतात. त्या कडेपासून सुरुवात करून शिवत शिवत मध्यावर येतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे त्रिकोण लावतात. त्यांना त्या फुले म्हणतात.

आणि आता दूरची हकिगत ऐका. समुद्रापलीकडे अमेरिका देश आहे. त्याच्या दक्षिणेला अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथे अलाबामा नदी मोठे वळण घेते. त्या वळणात एक खेडे आहे. त्याचे नाव गीज बेंड. बेंड म्हणजेच वळण. खेड्याच्या तीन बाजूंना नदी आहे. तिथले लोक कृष्णवर्णीय आहेत. त्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी गेली, पण गरिबी राहिली. घरे फळ्यांची होती आणि फटींतून थंड वारा आत येई. मग बायांनी काय केले? शेतात घालून विटलेले, गुडघ्यावर फाटलेले कपडे घेतले. रिकाम्या पोत्यांचे कापड घेतले. त्याचे तुकडे जोडून गोधड्या केल्या.

तुकडे जोडण्याचे काम प्रत्येक बाई आपल्या घरी करी. मग थर एकत्र करून टाके घालायला शेजारणी जमत. गोधड्या बाहेर दोरीवर वाळत घातल्या, की जाणाऱ्या-येणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत. कुणी काय नवे केले, ते मनात ठेवून घरी जात. आपण मतलबाने सतरंजीवर मांडतो, त्या दोरीवर मांडत. एवढाच फरक.

पुढे कृष्णवर्णीय लोकांनी मतदानाचा हक्क मागितला. १९६२ साली नदीपलीकडे तालुक्याच्या गावी नेणारी तर बंद झाली. लोकांना लांबचा वळसा पडू लागला. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या कित्येकांची रोजी गेली, राहते घर गेले. अशा दिवसांत, १९६६ साली, तिथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायांनी आपली सहकारी संस्था काढली. तिचे नाव 'फ्रीडम क्विल्टिंग बी'. आपल्या भाषेत स्वातंत्र्य गोधडी मंडळ म्हणू. त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्क शहरात विकल्या गेल्या. हातात स्वतःचा पैसा आला.

२००२ साली त्या खेड्यातल्या गोधड्यांचे ह्यूस्टन शहरातल्या मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन भरले. पुढे ते न्यूयॉर्कलाही गेले. शहाणीसुरती माणसे भिंतीवर टांगलेली ती ठिगळे पाहायला आली. २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्या गोधड्यांची चित्रे तिकिटांवर छापली. त्याच साली नदीवरची तरही पुन्हा सुरू झाली.

हे मी का सांगितले? आपल्याही वाकळी संग्रहालयात टांगाव्यात म्हणून नाही. वाकळ अंगावर घ्यायलाच असते. पण आपण जिची लाज धरतो, ती वस्तू हलकी नसते, हे कळावे म्हणून सांगितले. गाडगेबाबा आपल्याच मुलखातले. १८७६ साली जन्मले, १९५६ साली गेले. ते चिंध्या जोडलेली गोधडी अंगावर घेत. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. पण कीर्तनातून ते सांगत, मुलांना शाळेत घाला. ठिगळाची लाज त्यांनी धरली नाही. अज्ञान मात्र त्यांना खपले नाही.

आता दादांनो, तुम्हांला एक विनंती. शिंप्याचे काम पुरुष करतातच, तेव्हा सुई फक्त बाईची, असे म्हणू नका. ते जमत नसेल, तर गुरुवारी दुपारी दोन तास पाणी तुम्ही भरा. शेळ्या तुम्ही राखा. रात्री वाकळ तुम्हीही पांघरताच ना?

आणि बायांनो, शेवटचे सांगते. अक्षरांच्या वर्गातही मी पाहते, कित्येक जणी पाटी पदराआड धरतात. बाई जवळ आल्या, की हाताने पुसून टाकतात. का? तर 'ळ' वाकडा आला म्हणून. मी चोपन्न चौकोन दाराआड शिवले, तसेच हे आहे. पुसलेली पाटी कुणाला सुधारता येत नाही. वाकडा 'ळ' दाखवा. शेजारी बसलेली हात धरून सांगेल. उद्या तोच 'ळ' सरळ येईल.

आता उन्हाळ्याची सवड आहे. पाऊस पडायच्या आत एकेक वाकळ होऊ शकते. पुढे नवरात्राच्या आधी आपण घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढू, तेव्हा तुमची नवी वाकळही त्यांच्यात असू द्या. घरी जाऊन पेटी उघडा. जुने लुगडे, जुनी साडी, पोराचा आखूड झालेला सदरा शोधा. बोहारणीला देण्याआधी एकदा हात फिरवून पाहा, ते कुणाचे आहे. मग नऊ तुकडे कापा आणि एकच चौकोन शिवा.

येत्या गुरुवारी तो घेऊन या. सरळ असेल तर आणा. वाकडा असेल तर नक्की आणा. माझा वाकडा चौकोन सतरंजीवर आधी मांडलेला असेल. तुमचा त्याच्या शेजारी ठेवा.

आणि हो, सुई आणाल ती मोजून आणा आणि जाताना मोजून न्या.

नमस्कार.